तलफेची नोंद : तंबाखू, मेंदू आणि जनुकांभोवतीच्या गाठी

वेदगंगा पाटगावच्या डोंगरातून निघते, गारगोटी आणि मुरगूडवरून वाहत पुढे निपाणीच्या मुलखात शिरते. वरच्या अंगाला भात आणि ऊस, खालच्या अंगाला कित्येक पिढ्यांची विडीची तंबाखू, अशी या एकाच नदीकाठची शेती. त्यामुळे भुदरगड तालुक्यातील विद्यार्थ्याला तंबाखूची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. आजोबांची चंची, आजीची मशेरी, बांधावर बसून मळलेला बार, टपरीवर टांगलेल्या पुड्यांच्या माळा हे सारे त्याच्या रोजच्या पाहण्यातले असते. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे आढळले. धूर न काढता ती खाणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के होते. विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्केच होते. (काही जण दोन्ही करतात.)

तंबाखूने कर्करोग होतो हे यांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. पुडीवर तसे चित्रच छापलेले असते. तरीही ती सुटत नाही. 'कळते, मग वळत का नाही?' हा प्रश्न वर्गात कधी ना कधी निघतो आणि त्याला 'मनाचा दुबळेपणा' असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. विज्ञानाने या प्रश्नाचे उत्तर शोधायला बराच काळ घेतला. गेल्या सुमारे वीस वर्षांत त्याला एक नवे वळण मिळाले आहे. त्या शोधाचा इतिहास येथे थोडक्यात पाहू.

विजापूरहून आग्र्याला

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये पसरली. अकबराचा दूत असदबेग सतराव्या शतकाच्या आरंभी आदिलशहाच्या विजापूर दरबारी आला होता. त्याने तेथे तंबाखू प्रथमच पाहिली. परत जाताना त्याने ती रत्नजडित नळीसह बादशहाला नजर केली. अकबराने एक-दोन झुरके घेतले, पण हकिमाने हरकत घेतली: आमच्या ग्रंथांत या वस्तूची माहिती नाही, तेव्हा ती घेऊ नये. बादशहाने ती पुढे घेतली नाही. मात्र असदबेगाने उरलेली तंबाखू सरदारांना वाटली, त्यांनी आणखी मागितली आणि व्यापाऱ्यांनी ती आणायला सुरुवात केली. पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. त्या बंदीने तंबाखू थांबली नाही.

या हकिकतीत व्यसनाची सारी लक्षणे आहेत. माहितगाराने धोक्याची सूचना दिली, राजाने हुकूम काढला, आणि दोन्हींना न जुमानता वस्तू घरोघर पोचली. पुढच्या चारशे वर्षांत हेच पुनःपुन्हा घडले. दरम्यान तंबाखूभोवती लोकांचा संसारही उभा राहिला. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले आणि गोळीबारात शेतकरी प्राणाला मुकले. म्हणजे एका बाजूला पोटाचा प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला शरीराची ओढ. पहिला प्रश्न अर्थशास्त्राचा. आपण दुसऱ्याकडे वळू.

कुलूप आणि किल्ली

तंबाखूतील मुख्य द्रव्य निकोटिन. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान यांनी १८२८ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते शरीरावर कसे परिणाम करते, याचा धागा केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांना १९०५ साली सापडला. स्नायूंवर निकोटिनचे प्रयोग करताना त्यांनी असे अनुमान काढले, की पेशींवर ते द्रव्य पकडणारा एखादा खास घटक असला पाहिजे. आज आपण त्याला ग्राही म्हणतो. हे ग्राही शरीराने निकोटिनसाठी बनवलेले नाहीत. ते आपल्याच अ‍ॅसिटिलकोलिन या संदेशवाहक द्रव्यासाठी आहेत. निकोटिनची किल्ली त्या कुलपाला बसते, एवढेच.

पण किल्ली बसल्यावर जे दार उघडते, त्यामागे काय आहे? कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी १९५४ साली उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. पट्टी दाबली की मेंदूच्या विशिष्ट भागाला विजेचा सौम्य झटका मिळे. उंदीर तासाला हजाराहून अधिक वेळा ती पट्टी दाबू लागले. मेंदूत 'हे पुन्हा कर' असे सांगणारी एक यंत्रणा आहे, हे त्यातून समजले. याच दशकात स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी डोपामिन हा मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक असल्याचे दाखवले. १९८८ साली इटलीच्या डी कियारा आणि इम्पेरातो यांनी अफूजन्य द्रव्ये, कोकेन, अल्कोहोल आणि निकोटिन ही रासायनिक दृष्ट्या अगदी वेगळी द्रव्ये उंदरांच्या मेंदूतील एकाच छोट्या केंद्रात डोपामिन वाढवतात असे सिद्ध केले. वाटा अनेक, पण मुक्काम एक.

अशा प्रयोगांची परंपरा महाराष्ट्रातही आहे. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे आणि त्यांचे सहकारी यांनी पट्टी दाबणाऱ्या उंदरांवरच मॉर्फीनचा अभ्यास केला. मॉर्फीनच्या सुखद परिणामात न्यूरोपेप्टाइड वाय या मेंदूतील छोट्या प्रथिनाचा वाटा असतो, हे त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

मुख्य अडचण

इथवर आल्यावर एक अडचण उभी राहते. निकोटिन रक्तातून फार लवकर निघून जाते. दर दोन तासांनी त्याचे प्रमाण साधारण निम्मे होत जाते. चार-पाच दिवसांनंतर शरीरात ते जवळजवळ उरत नाही. मग वर्षभर तंबाखूला न शिवलेल्या माणसाला जुने मित्र भेटताच, किंवा नुसता चुन्याचा वास येताच तलफ का येते? द्रव्य गेले, डोपामिनची लाटही ओसरली. तर ही आठवण कोठे राहिली?

जनुके बदलली म्हणावे, तर तसेही नाही. तंबाखू खाणाऱ्याच्या मेंदूपेशीतील जनुकांचा मजकूर व्यसनापूर्वी होता तोच राहतो. तेव्हा मजकूर न बदलता त्याचे वाचन बदलणारी काहीतरी व्यवस्था हवी.

अशा व्यवस्थेसाठी शब्द तयार होता. १९४२ साली इंग्लंडमध्ये कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी 'एपिजेनेटिक्स' ही संज्ञा वापरली. मराठीत तिला अधिजनुकशास्त्र म्हणता येईल. एकाच गर्भपेशीपासून डोळा, यकृत, हाड अशा भिन्न पेशी कशा होतात, हा वॉडिंग्टन यांचा प्रश्न होता. व्यसनाचा विचारही त्यांच्यासमोर नव्हता.

जुन्या कचेऱ्यांतील दप्तर ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही व्यवस्था चटकन समजेल. कागद कापडी रुमालांत बांधून फडताळात ठेवलेले असतात. कागदावरचा मजकूर कायम असतो, पण ज्या रुमालाची गाठ घट्ट आहे तो वाचला जात नाही. ज्याची गाठ सैल आहे तो सहज उघडता येतो. पेशीत नेमके असेच असते. एका पेशीतील डीएनएचा धागा सुमारे दोन मीटर लांब, आणि केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. त्यात मावण्यासाठी हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर प्रत्येकी सुमारे पावणेदोन वेढे घेऊन गुंडाळलेला असतो. डीएनएवर ऋण प्रभार आणि हिस्टोनवर धन प्रभार, म्हणून पकड घट्ट बसते. हिस्टोनच्या शेपटीला अ‍ॅसिटिल गट चिकटला, की तेथील धन प्रभार नाहीसा होतो, पकड सैल होते आणि जनुक वाचले जाऊ शकते. हा गट काढून टाकला की गाठ पुन्हा आवळते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. कागदाच्या लांब पट्टीवर एक वाक्य लिहावे आणि पट्टी पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळावी. वाक्य वाचता येत नाही. मधला एखादा भाग सैल केला की तेवढेच शब्द दिसतात. एकही अक्षर न खोडता मुलांना वेगवेगळे शब्द वाचायला देता येतात.

अ‍ॅसिटिल गट आणि जनुकांचे वाचन यांचा संबंध व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ सालीच सुचवला होता. गाठ सैल करणारे विकर डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या प्रयोगशाळेत आणि गाठ आवळणारे विकर स्ट्युअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेत सापडले. दोन्ही शोध १९९६ सालचे. त्यानंतर मात्र या क्षेत्राने वेग घेतला.

व्यसनाची नोंद

अमेरिकेतील एरिक नेस्लर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकात कोकेन दिलेल्या उंदरांचा अभ्यास करीत होते. त्यांना डेल्टा-फॉस-बी हे प्रथिन सापडले. त्याच्या कुळातील इतर प्रथिने काही तासांत नष्ट होतात. हे मात्र टिकाऊ. द्रव्याच्या प्रत्येक मात्रेबरोबर ते थोडे थोडे साचत जाते आणि द्रव्य बंद केल्यावरही काही आठवडे पेशीत राहते. ते स्वतः इतर जनुकांची चालू-बंद स्थिती ठरवते. २००५ साली याच गटाने दाखवले, की कोकेनमुळे मेंदूच्या त्या केंद्रातील काही जनुकांभोवतीच्या हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट वाढतात, आणि एका मात्रेनंतर दिसणारी खूण वारंवार मात्रा दिल्यावर दिसणाऱ्या खुणेपेक्षा वेगळी असते. पहिल्या आणि पन्नासाव्या वेळेतील फरक पेशीला कळतो, असा याचा अर्थ. २०१० साली आणखी एक दुवा हाती आला. वारंवार कोकेन दिल्यावर हिस्टोनवर मिथिल गट लावून जनुके बंद ठेवणारे जी-९-ए हे विकरच कमी होते. ते कृत्रिमरीत्या वाढवले, तर उंदरांची कोकेनची ओढ घटते.

येथे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा एक मुद्दा आहे. हीच यंत्रणा शिकण्यातही काम करते. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर काम करून दीर्घ स्मृतीसाठी जनुके चालू व्हावी लागतात हे दाखवले, आणि त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २००४ साली असे आढळले, की उंदीर एखादी गोष्ट नव्याने शिकतो तेव्हा त्याच्या मेंदूतील स्मृतीच्या केंद्रात हिस्टोनवरील अ‍ॅसिटिल गट वाढतात. म्हणजे मेंदूने पाढे लक्षात ठेवणे आणि मेंदूने तंबाखू लक्षात ठेवणे या दोन गोष्टी पेशीच्या पातळीवर एकाच जातीच्या आहेत. व्यसन हेही एक शिकणेच आहे. फरक एवढाच, की पाढे पाठ व्हायला मेहनत लागते आणि व्यसनी द्रव्य ती यंत्रणा थेट हातात घेते.

आधी काय, नंतर काय?

अमेरिकेतील डेनिस कँडेल या एरिक कँडेल यांच्या पत्नी. त्या समाजशास्त्रीय अंगाने व्यसनांचा अभ्यास करीत होत्या. कुमारवयीन मुले व्यसनाच्या पायऱ्या बहुधा एका ठराविक क्रमाने चढतात, तंबाखू आणि दारू आधी व तीव्र द्रव्ये नंतर, असे त्यांनी १९७५ साली मांडले होते. हा केवळ योगायोग, म्हणजे जे स्वस्त आणि जवळ ते आधी, की शरीरात त्यामागे काही कारण आहे, हा वाद बरीच वर्षे चालला.

२०११ साली अमीर लेव्हिन आणि कँडेल पती-पत्नी यांनी उंदरांवर त्याची परीक्षा घेतली. काही उंदरांना सात दिवस पाण्यातून निकोटिन दिले आणि नंतर कोकेन. या उंदरांवर कोकेनचा परिणाम नुसते पाणी प्यालेल्या उंदरांपेक्षा कितीतरी अधिक झाला. क्रम उलटा करून आधी कोकेन आणि मग निकोटिन दिले, तेव्हा तसे झाले नाही. कारण तपासले असता निकोटिनमुळे गाठी आवळणारे विकर मंदावते असे दिसले. परिणामी फॉस-बी जनुकाभोवतीची गाठ सैल राहते आणि नंतर आलेल्या कोकेनला आयती वाट मिळते. आपल्याकडे तंबाखूनंतर कोकेन क्वचितच येते. तरी तंबाखू 'साधी' आणि बाकीची व्यसने 'खरी' ही आपली समजूत तपासून पाहावी, एवढे हा प्रयोग नक्की सांगतो.

दारूविषयीचे काम आपल्याला अधिक जवळचे आहे. शिकागो येथील सुभाष पांडे यांच्या गटाने २००८ साली दाखवले, की दारू बंद केल्यावर उंदरांच्या मेंदूतील भीतीशी संबंधित केंद्रात अ‍ॅसिटिल गट घटतात, न्यूरोपेप्टाइड वायच्या जनुकाभोवतीची गाठ आवळते, ते प्रथिन कमी पडते आणि उंदीर अस्वस्थ होतात. दारू सोडणाऱ्याची तगमग ती हीच. गाठ आवळणारे विकर रोखणारे औषध दिले, की अस्वस्थता टळते. या गटात पुढे अमूल साखरकर यांनीही महत्त्वाचे काम केले. त्यांचे आधीचे संशोधन नागपुरात, याच प्रथिनावर, पण माशांच्या मेंदूत झाले होते. नंतर ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात रुजू झाले.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका संयुक्त अभ्यासात उंदरांना जन्मापासून २८ व्या ते ४१ व्या दिवसांच्या दरम्यान, म्हणजे उंदरांच्या कुमारवयात, अधूनमधून अल्कोहोल दिले आणि नंतर ते थांबवले. हे उंदीर मोठे झाले तेव्हा त्यांना अल्कोहोल मिळून बराच काळ लोटला होता. तरीही ते अधिक भित्रे होते, अल्कोहोलही अधिक पीत होते, आणि त्यांच्या मेंदूतील गाठी आवळलेल्याच होत्या. कुमारवयातील नोंद प्रौढपणी कायम होती.

घाई नको

अशा निष्कर्षांचा विस्तार करताना सावधगिरी हवी. हे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे आहेत. जिवंत माणसाच्या मेंदूतील पेशी काढून पाहता येत नाहीत. रक्तपेशींवरून मात्र काही अंदाज येतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तपेशींत डीएनएवरील मिथिल गटांची मांडणी बदललेली असते. सुमारे १६ हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१६ सालच्या एका अभ्यासात, धूम्रपान सोडल्यावर पाच वर्षांच्या आत यांतील बहुतेक खुणा पूर्ववत झालेल्या दिसल्या. काही थोड्या खुणा तीस वर्षांनंतरही शिल्लक होत्या. रक्त म्हणजे मेंदू नव्हे. पण 'खुणा पडतात, बहुतेक पुसल्या जातात, काही राहतात' हे चित्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी सावधगिरी अशी, की पेशीतील खूण म्हणजे ललाटरेषा नव्हे. व्हिएतनाम युद्धात अनेक अमेरिकन सैनिकांना हेरॉइनचे व्यसन लागले होते. ते १९७१ च्या सुमारास मायदेशी परतले, तेव्हा समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी त्यांचा मागोवा घेतला. व्यसन लागलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा त्याच्या पूर्ण आहारी गेलेले शंभरांत पाचच्या आसपासच होते. जागा बदलली, सोबत बदलली, तेव्हा जुन्या आठवणीला हाक देणारेच कोणी उरले नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही भर असतो तो नव्या दिनक्रमावर, समूहावर आणि घरच्यांच्या सहभागावर. गाठी सोडणारे खात्रीचे औषध अद्याप माणसांसाठी उपलब्ध नाही. हिस्टोनची विकरे साऱ्या शरीरात काम करतात, त्यामुळे व्यसनापुरताच परिणाम साधणे अवघड आहे. तोवर नवे शिकणे हाच जुन्या शिकण्यावरचा उतारा आहे.

शाळेचा संबंध

कायदे आपल्याकडे आहेत. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही, आणि २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. हे कायदे पाळले जावेत यासाठी शिक्षकांनी आग्रह धरावाच. पण जहांगीराचा हुकूमही आपण पाहिला आहे. केवळ हुकमाने भागत नाही.

आठवीतल्या एखाद्या मुलाच्या दप्तरात पुडी सापडते. आपल्याकडे ठरलेले दोन उपाय असतात: छडी, नाही तर नाव कमी करणे. वरील इतिहास वाचल्यावर या दोन्हींचा फेरविचार करावासा वाटतो. छडीने भीती आणि अस्वस्थता वाढते, आणि अस्वस्थ मेंदू पुन्हा पुडीकडेच वळतो. नाव कमी केले, तर ज्या एका ठिकाणी त्याचा मेंदू दुसरे काही शिकू शकला असता तेच ठिकाण त्याला बंद होते आणि टपरी तेवढी उघडी राहते. त्याऐवजी त्या मुलाला विचारावे: कधी घेतोस, कोणाबरोबर, कशाची आठवण झाली की घ्यावीशी वाटते? उत्तरातून तलफेला हाक देणारी वेळ आणि जागा कळते. त्या वेळेला त्याला मैदानात, प्रयोगशाळेत, बागेत दुसरे काम द्यावे, आणि घरच्यांना विश्वासात घ्यावे. पहिली पुडी जितकी वर्षे पुढे ढकलता येईल तितका लाभ अधिक, हेही पालकसभेत सांगावे. आठवीत टाळलेली तंबाखू पुढे कदाचित कायमचीच टळते.

शिक्षण गावाच्या रोजच्या जगण्याशी जोडले जावे, हा विचार गारगोटीला नवा नाही. जे. पी. नाईक यांच्या प्रेरणेने येथे उभे राहिलेले मौनी विद्यापीठ त्याच विचाराचे. मेंदूतील गाठींचे शास्त्र त्याला एक आधार देते. ज्या यंत्रणेवर तंबाखू आपली नोंद करते, तिच्यावरच शिक्षकही रोज नोंद करीत असतो. तंबाखूला रोजची एक चिमूट पुरते. शिक्षकाच्या हाती रोजचे पाच-सहा तास असतात.